गिळलेले शल्य आणि लवचिक दुर्बीण : वैद्याच्या हातातील पहिले दोन तास

शरीराला बाधा करणारी कोणतीही वस्तू, मग ती बाहेरून आलेली असो वा शरीरातच उत्पन्न झालेली असो, ती शल्य होय, अशी सुश्रुताचार्यांची व्यापक भूमिका आहे. शल्यतंत्राला नावही त्यावरूनच पडले. आजच्या सामान्य व्यवसायात मात्र या तंत्राशी वैद्याचा संबंध बहुधा एकाच निमित्ताने येतो. लहान मूल नाणे, टाचणी किंवा बटणाएवढी बॅटरी गिळते. वृद्धाच्या घशात हाड अथवा दातांची कवळी अडकते. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी अशा वेळी घरची माणसे प्रथम जवळच्या वैद्याकडे नाहीतर औषधाच्या दुकानात येतात. बार्शी तेथून तीसएक किलोमीटरवर आहे. सोलापूर शंभराच्या घरात, म्हणजे वाहन मिळेपर्यंतचा वेळ धरला तर दोन तासांहून अधिक. आणि काही शल्ये अशी आहेत की अन्ननलिकेला गंभीर इजा करण्यास त्यांना दोनच तास पुरतात. म्हणून दुर्बिणीने शल्य केव्हा काढावेच लागते, किती त्वरेने काढावे लागते आणि तोपर्यंत आपल्या हातून काय होता कामा नये, हे प्रत्येक वैद्याला व औषधविक्रेत्याला नेमके ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रातील आधार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ वा अध्याय हरवलेले शल्य ओळखण्याविषयी आणि २७ वा ते काढण्याविषयी आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच. तेथे शल्याचे अवबद्ध व अनवबद्ध, म्हणजे रुतून बसलेले व सुटे, असे दोन प्रकार केले असून सुट्या शल्यासाठी स्वभावापासून हर्षापर्यंत पंधरा उपाय सांगितले आहेत. काढण्याच्या दिशा मात्र दोनच : आले त्या वाटेने मागे ओढणे हा प्रतिलोम मार्ग आणि पुढे नेऊन बाहेर काढणे हा अनुलोम मार्ग.

गिळलेल्या वस्तूंना ही विभागणी तंतोतंत लागू पडते. अशा वस्तूंपैकी शेकडा ऐंशी ते नव्वद वस्तू जठरात उतरून यथाकाल मलावाटे पडून जातात. दहा ते वीस वस्तूंना दुर्बिणीची गरज लागते. पोट उघडण्याची वेळ शंभरात एकावरही क्वचितच येते. पंधरा उपायांत स्वभावाला पहिले स्थान का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. परंतु ऐंशी-नव्वदांचा अनुभव गाठीशी असलेल्या वैद्यालाच पुढच्या दहा-वीसांच्या बाबतीत धोका अधिक असतो. "पडेल आपोआप" हे वाक्य जिभेवर बसलेले असते.

घशातील शल्याविषयी त्याच अध्यायात आलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. लाखेचा तुकडा अडकला असता घशात नळी घालावी, तीतून तापवलेली शलाका नेऊन लाखेला टेकवावी, गार पाण्याने ती लाख घट्ट होऊ द्यावी आणि मग ओढून काढावी. शलाकेची आच घशाला लागू नये म्हणून नळी, असा हा विचार आहे. हाड आडवे बसले असता दोऱ्याला बांधलेला केसांचा गोळा पातळ अन्नाबरोबर गिळवून वमन करवावे आणि हाड त्यात गुंतल्याचे कळताच दोरा ओढावा, असेही सांगितले आहे. वमनाचा उल्लेख येथे आहे. पण तो शल्याला दोरा बांधल्यावर, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही.

यंत्रविधीच्या अध्यायात नाडीयंत्रांची प्रयोजने दिली आहेत : स्रोतसातील शल्य काढणे, रोग पाहणे, चोषण करणे आणि इतर क्रिया सुकर करणे. वाग्भटाचार्यांनी तर घशातील शल्य पाहण्यासाठी दहा अंगुळे लांबीची व पाच अंगुळे घेराची स्वतंत्र नाडी सांगितली. आजच्या दुर्बिणीचे उत्पादक आपल्या यंत्राची जी कामे सांगतात ती हीच चार. एवढ्यावरून "आमच्याकडे एंडोस्कोपी होतीच" असे म्हणण्याचा मोह काहींना होतो, तो आवरलेला बरा. ती नळी सरळ होती, आतील भाग उजळण्याचे स्वतंत्र साधन तिच्यात नव्हते, आणि तिची पोच घशापुरती होती. प्रयोजन त्यांना कळले होते, साधन नंतर आले, एवढे म्हणणेच आचार्यांच्या मोठेपणाला शोभते.

साधन कसे घडले

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये सरळ नळीतून प्रथम जठर पाहिले. त्यासाठी त्यांनी गाठला तलवार गिळणारा एक कसरतपटू. सरळ, ताठ नळी दुसरा कोण गिळणार? पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाचे शेव्हालिअर जॅक्सन यांनी अशाच ताठ नळ्यांनी श्वासमार्ग व अन्नमार्ग यांतील असंख्य शल्ये काढली. त्यांपैकी दोन हजार तीनशेहून अधिक वस्तू तेथील म्यूटर संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. नळी वाकण्यासाठी प्रकाश वाकवणे आवश्यक होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे १९५४ साली प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचिक जठरदर्शक यंत्र वापरात आणले. आता तंतूंच्या जागी टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते.

प्रौढांची नेहमीची दुर्बीण सुमारे एक मीटर लांब व करंगळीएवढी, म्हणजे नऊ-दहा मिलिमीटर जाड असते. लहान मुलांसाठी पाच-सहा मिलिमीटरची मिळते. मुठीवरील चाके फिरवून टोक चारही दिशांना वळवता येते, वर तर ते पार उलटे वळून जठराचा माथा पाहू शकते. आत अडीच-तीन मिलिमीटरचा पोकळ मार्ग असतो. त्यातून हवा, पाणी, चोषण आणि मुख्य म्हणजे पकडीची उपकरणे जातात. नाण्यासाठी उंदराच्या दातांसारखा चिमटा, चपट्या वस्तूंसाठी मगरीच्या जबड्यासारखा चिमटा, लांब वस्तूंसाठी तारेचा फास, बॅटरी वा गोट्यांसाठी लहानशी जाळी. स्वस्तिकयंत्रांना सिंह, व्याघ्र, काक, कंक यांची मुखे देणाऱ्या आपल्या परंपरेला ही नावे परकी वाटू नयेत. कंकमुख सर्वांत श्रेष्ठ का, तर ते सहज आत जाते, शल्य घट्ट धरते आणि सहज बाहेर येते. दुर्बिणीतून काम करणारा शल्यविशारद चिमट्याची निवड याच निकषावर करतो.

टोकदार वस्तूंच्या बाबतीत एक नियम पाळला जातो. टोक पुढे ठेवून ओढले तर ते भिंत भोसकते. मागे राहील असे धरले तर फरफटत निमूट येते. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अन्ननलिकेत बसली असेल तर ती प्रथम जठरात ढकलतात, तेथे फिरवून उलटी धरतात आणि मग बाहेर आणतात. अन्ननलिका ओरखडू नये म्हणून दुर्बिणीच्या टोकावर रबरी टोपी चढवतात किंवा दुर्बिणीवरून एक रुंद नळी आधीच घशातून उतरवून ठेवतात. लाख काढताना आचार्यांनी नळी घातली ती नेमकी याच कारणाने. मुलांमध्ये ही क्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन व श्वासनलिकेत नळी घालून करतात, कारण वर येणारी वस्तू निसटून श्वासमार्गात पडण्याचे भय असते.

येथे आपल्या मर्यादेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या पदव्युत्तर शाखांसाठी ५८ शस्त्रकर्मांची जी यादी अधिसूचित झाली तीत शल्यनिर्हरण आहे, परंतु ते मर्मभूत नसलेल्या अवयवांतून. महाधमनीला लगटून जाणारी अन्ननलिका त्यांत बसत नाही. ही क्रिया भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सिद्धता असलेल्या ठिकाणीच व्हावी.

नाणे की बॅटरी?

लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. २०१९ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे. सीआर २०३२ या क्रमांकाच्या लिथियम बॅटरीचा व्यासही बरोबर २० मिलिमीटर. क्रमांकातील पहिले दोन अंक व्यासाचेच आहेत. दोन्ही चपटी, दोन्ही पांढरी चकचकीत. आईने "रुपया गिळला" असे सांगितले तरी तो रुपयाच असेल याची खात्री कशी द्यावी?

नाणे अन्ननलिकेत अडकले आणि मुलाला लाळ गळणे, श्वासाचा त्रास वा वेदना नसली, तर विशेषज्ञाच्या सल्ल्याने बारा ते चोवीस तास थांबता येते. अनेक नाणी तेवढ्या वेळात खाली उतरतात. जठरात पोहोचलेल्या नाण्यासाठी मलपरीक्षण करीत दोन ते चार आठवडे वाट पाहतात. बॅटरीला हा हिशेब लागू नाही. ती अन्ननलिकेत अडकताच तिच्या दोन्ही बाजू ओल्या भिंतींना टेकतात, विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूपाशी पाण्याच्या विघटनातून तीव्र क्षार तयार होतो. बॅटरी फुटून आतील द्रव्य गळते म्हणून इजा होते, ही समजूत चुकीची आहे. अखंड, नवी कोरी बॅटरीच अधिक जाळते. क्षारकर्माचा अभ्यास केलेल्या वैद्याला वेगळे सांगणे नको : आपण अर्शावर अपामार्गक्षार मोजक्या वेळासाठी लावतो व लगेच अम्लद्रव्याने धुतो. येथे तोच क्षार अन्ननलिकेच्या भिंतीत, कोणीही न धुता, तासन्‌तास काम करीत राहतो. दोन तासांत खोल दाह, पुढे छिद्र, श्वासनलिकेशी वा महाधमनीशी जोडमार्ग, आणि मृत्यूही.

भेद एक्स-रेने होतो. समोरून काढलेल्या चित्रात बॅटरीच्या कडेला दुहेरी वलय दिसते. बाजूने काढलेल्या चित्रात कडेला पायरी दिसते. नाण्याला दोन्ही नसतात. म्हणून "नाणे दिसते" असा अहवाल हाती आला तरी चित्र स्वतः उजेडापुढे धरून कडा पाहावी. चित्र मानेपासून गुदापर्यंतचे व शक्यतो दोन दिशांनी असावे. बेरियम पाजून काढू नये. त्याचा थर बसून दुर्बिणीतून काहीच दिसत नाही.

वस्तू गिळताना कोणी पाहिलेले नसते तेव्हा निदान आणखी कठीण होते. एकाएकी लाळ गळू लागलेले, घास नाकारणारे, कर्कश खोकणारे मूल कास-श्वासाच्या औषधांवर दोन दिवस राहते. खेळण्याचे झाकण उघडे सापडले का, रिमोटमधील बॅटरी जागेवर आहे का, हे प्रश्न इतिहासात विचारावेत.

मधाचे स्थान

वाटेत काही देण्यासारखे आहे का? आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या कपाटात असते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डुकराच्या पिलांच्या अन्ननलिकेत बॅटरी ठेवून निरनिराळी द्रवे वापरून पाहिली गेली. मध व सुक्राल्फेट यांनी इजा स्पष्टपणे कमी केली. त्यानंतर तेथील विषबाधा-मार्गदर्शन केंद्राने सल्ल्यात मधाचा समावेश केला. मूल एक वर्षापेक्षा मोठे असावे, बॅटरी गिळून बारा तासांपेक्षा कमी काळ झालेला असावा व मुलाला गिळता येत असावे. अशा मुलास दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे मध दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा, रुग्णालयाच्या वाटेवर द्यावा. एक वर्षाखालील बालकास देऊ नये. मधातील बीजाणूंमुळे त्या वयात बोटुलिझमचे भय असते. लाळ सतत बाहेर गळत असेल, ताप, छातीत तीव्र वेदना किंवा छिद्राची शंका असेल, तरीही देऊ नये.

मधाची ही कृती संधान-रोपण गुणांची नव्हे. दाट असल्याने तो बॅटरीवर लेप धरतो आणि सौम्य अम्ल असल्याने क्षार निष्प्रभ करतो. म्हणून तो पाण्यात, विशेषतः गरम पाण्यात, मिसळू नये. आपल्या शास्त्राचा निषेध व आजची गरज येथे एकच सांगतात. लिंबू वा व्हिनेगर घरी पाजू नये. बॅटरी काढल्यावर सौम्य अम्लाने धुण्याचे काम दुर्बिणीतून, डोळ्यांदेखत केले जाते. मध शोधण्यासाठी प्रवास पाच मिनिटेही लांबवू नये.

बॅटरी, नाणे वगळता

चुंबक दोन वा अधिक गिळले, किंवा एक चुंबक व एक लोखंडी वस्तू गिळली, तर आतड्याची दोन वेटोळी मध्ये चिमटली जाऊन त्यांना छिद्र पडते. जठरात असतानाच ते काढावे लागतात. अयस्कांत हा आचार्यांच्या उपायांपैकी एक. आज खेळण्यातून तोच शल्य होऊन येतो.

अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू प्रौढाच्याही जठराच्या खालच्या तोंडातून सहसा जात नाही. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू, चमचा किंवा दातांचा ब्रश, ग्रहणीच्या वळणावर अडते. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर दोन तासांत, फार तर सहा तासांत. जठरात असेल तर चोवीस तासांत काढावी, असा युरोपीय दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा दंडक आहे. केसांचा मोठा गोळा जठरभर वाढला असेल तर दुर्बीण अपुरी पडते व शस्त्रकर्मच करावे लागते.

मटणाचा घास अन्ननलिकेत अडकून लाळही खाली जात नसेल तर तीही सहा तासांच्या आतील निकड समजावी. पपईच्या चिकाचे किंवा पेपेनचे द्रावण देऊन घास विरघळवण्याचा प्रयोग पूर्वी होत असे. त्यात अन्ननलिकेलाच छिद्रे पडल्याने तो सोडून देण्यात आला. प्रौढात घास अडकला म्हणजे मुळात नलिका अरुंद आहे का, हे पाहणे भाग असते. घास निघाला म्हणून रुग्ण घरी बसला तर एखादा अर्बुद हाती येता येता निसटतो.

आपल्या भागात सीना-कोळेगाव व उजनी या दोन्ही जलाशयांची मासळी बाजारात येते. माशाचा काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ आहे पण टोचणे कायम आहे, अशा रुग्णास परत पाठवू नये. भाताचा गोळा किंवा कोरडी भाकरी गिळवण्याचा घरगुती उपाय काटा कधी खाली नेतो, कधी अधिक खोल रुतवतो. कोणत्या वेळी काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तो उपाय नव्हे.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या दुकानातूनच दोन शल्ये जातात. पहिले स्ट्रिपचे. ग्राहकाला दोनच गोळ्या हव्या असतात म्हणून स्ट्रिप कात्रीने कापून चौकोनी तुकडे दिले जातात. दृष्टी मंदावलेला वृद्ध रात्री तो तुकडा गोळीसकट गिळतो. कोपरे धारदार, प्लास्टिक एक्स-रेत न दिसणारे. जपानमध्ये वृद्धांच्या अन्ननलिकेतून निघणाऱ्या वस्तूंत अशी पाकिटे नित्याची आहेत. एकेक गोळी सुटी कापू नये. कापावेच लागले तर किमान दोन-तीन गोळ्यांची पट्टी राहू द्यावी. मुदत व क्रमांक छापलेला भाग कापून टाकण्याचा दोषही त्यामुळे टळेल.

दुसरे शल्य बॅटरीचे. अंकीय तापमापकात बटणासारखी लहान बॅटरी असते, साखर तपासण्याच्या अनेक यंत्रांत सीआर २०३२ असते. यंत्र बंद पडले तरी बॅटरीत जाळण्याइतका विद्युतदाब शिल्लक असतो, हे ग्राहकाला सांगावे. बदललेली बॅटरी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच टाकावी. आठवडी बाजारातील दिव्याच्या स्वस्त खेळण्यांच्या बॅटरी-झाकणाला स्क्रू नसतो. त्याविषयी दुकानात एक सूचना लावली तरी पुष्कळ काम होईल.

काय करू नये, काय लिहून द्यावे

केळी भरवणे हा आपल्याकडील सर्वांत रूढ उपाय. त्याने वस्तू लवकर पडते असा पुरावा नाही. भरलेल्या जठरामुळे भूल देणे मात्र धोक्याचे होते आणि दुर्बिणीत केळ्याशिवाय काही दिसत नाही. वमन सर्वथा वर्ज्य : बॅटरी पुन्हा अन्ननलिकेत येते, पिन घशात उलटी रुतते, नाणे श्वासमार्गात जाते. एरंडतैलाने वा अन्य विरेचनाने टोकदार शल्याला गती देणे म्हणजे आतड्यावर ते ओढणेच आहे. बोट घालून आंधळेपणाने चाचपू नये. वर सांगितलेल्या मधाचा अपवाद सोडून तोंडाने काहीही देऊ नये.

मूल निळे पडत असेल, आवाज वा खोकला उमटत नसेल, तर शल्य श्वासमार्गात आहे. तेथे दुर्बिणीची वाट पाहणे नाही; पाठीवर थापा व पोटावर दाब (एक वर्षाखाली छातीवर दाब) लगेच सुरू करावा.

रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात : काय गिळले, किती वाजता, शेवटचे खाणे-पिणे केव्हा, एक्स-रे कोठे काढला व त्यात काय दिसले, मध दिला असल्यास किती वेळा. तशीच दुसरी बॅटरी किंवा तिचे वेष्टन मिळाले तर सोबत द्यावे. त्यावरील क्रमांकाने अर्धे काम होते. बॅटरीची शंका असेल तर गावात एक्स-रे लगेच होत असला तरच काढावा, अन्यथा १०८ ची रुग्णवाहिका बोलवून निघावे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून दोनच प्रश्न विचारावेत : दुर्बीण करणारा आज उपलब्ध आहे का, आणि लहान मुलाला भूल देणारा आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर बार्शीस थांबण्यापेक्षा थेट सोलापूर गाठावे. हा निर्णय परंड्यातच व्हावा. तेथे पोहोचून पुन्हा पुढे पाठवले जाणे म्हणजे दोन तास संपणे.

शल्य निघाल्यावर रुग्ण परत आपल्याकडेच येतो. नाण्याच्या बाबतीत पुढे विशेष काही नसते. बॅटरी निघालेल्या मुलावर मात्र तीन-चार आठवडे लक्ष ठेवावे, कारण दाह बॅटरी काढल्यानंतरही आत शिरत राहतो. आहार मंड-पेयादि मृदू क्रमाने व दुर्बीणतज्ज्ञाच्या सल्ल्यानुसार वाढवावा. गिळताना त्रास पुन्हा वाढू लागला तर नलिका आकुंचित होत असल्याचा संशय घ्यावा. या काळात उलटीतून चमचाभर रक्त आले किंवा मल काळा झाला, तर रक्तपित्ताची औषधे योजत बसू नये. महाधमनीतून होणाऱ्या मोठ्या स्रावाआधी असा लहान स्राव होऊन थांबतो, आणि मधले काही तासच त्या मुलाच्या हाती असतात. मूल खेळत-हसत असले तरी ते त्याच वेळी हृद्-रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे.